मुकुटाची बाजू

झुलालनानांनी राखेने पदक घासलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि सिंहांची बाजू वर करून तळहातावर धरलं. दुसरी बाजू त्यांनी पाहिलीच नाही.

"नाना, चला आते," मगनने ओट्यावरून हाक मारली. "मास्तर वाट दखी राह्यनात. बठ्ठा गाव जमना शे."

पोराच्या आवाजात अभिमान होता. स्वातंत्र्याची पन्नाशी होती. शाळेच्या भिंतीवर गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांचा फलक लागला होता आणि त्यावर एकच नाव होतं, झुलाल पुंजू पाटील.

महिन्यापूर्वी मास्तर नावं गोळा करत घरोघर फिरले होते. दसऱ्याला नांगर-विळ्याशेजारी पूजेत मांडलं जाणारं पदक मगनने मोठ्या हौसेने काढून दाखवलं. तिरंगी फीत, अशोकाचे सिंह, पंधरा ऑगस्टची तारीख. मास्तरांना आणखी काय हवं होतं? शिवाय नाना फौजेत होते, म्हणजे देशासाठीच लढले असणार! उलट्या बाजूला चक्राच्या डोक्यावर कुंकवाने बुजलेलं काहीतरी होतं. ते काय, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा सुनेने देवळाचा कळस म्हणून सांगून टाकलं. नानांनी पदक उलटून सिंहांची बाजू वर केली.

तिथून मास्तर शेजारच्या भिकुबाईच्या दाराशी गेले. तुमच्या घरातलं कुणी होतं का चळवळीत?

"व्हतात ना. आम्हना घरना व्हतात."

मास्तर नाव विचारू लागले. म्हातारी नवऱ्याचं नाव घेणार कशी? तिने तोंडाला पदर लावला. घरात दुसरं कुणी नव्हतं. उद्या येतो म्हणून मास्तर गेले ते गेलेच. ओट्यावर बसलेल्या नानांना ते नाव एका शब्दात सांगता आलं असतं. ते तंबाखू मळत राहिले. त्या दिवसापासून भाकर गोड लागेना.

बेचाळीस साली नाना एकोणीस वर्षांचे होते, इंग्रजांच्या फौजेत शिपाई, रेल्वेच्या पुलावर पहाऱ्याला. तारा तोडायला आलेल्यांपैकी एकाच्या मनगटावर त्यांनी बंदुकीचा दस्ता हाणला. ओरडणारा आवाज आपल्याच गावच्या, शेजारच्या घरातल्या रुपचंदचा निघाला. रुपचंद निसटला, पण हात कायमचा वाकडा झाला. झाडावरून पडलो, असं तो मरेपर्यंत गावाला सांगत आला. पुढे देश सुटला आणि फौजेतल्या सगळ्यांना पदक मिळालं. झेंडा आपला होता, पण कागदोपत्री अजून इंग्रजांचाच राजा होता, म्हणून आपल्या चक्रावर त्याचा मुकुट बसला. तेव्हापासून नाना सिंहांचीच बाजू पुढे करत आले होते.

शाळेच्या मैदानावर मास्तरांनी माइक हातात घेतला.

"गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हणून भिकुबाईंनी नानांच्या छातीवर पदक लावावं, अशी विनंती."

भिकुबाई सावकाश वर आली. तिने पदक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, उलटलं. चक्रावरून तिचा अंगठा वर सरकला आणि थांबला.

"नाना, हाऊ कळस कोना देऊळना शे?"

तिने हळूच विचारलं होतं, पण माइक मधेच उभा होता. कोणीतरी हसलं. नानांनी मगनकडे पाहिलं. तो पुढच्या रांगेत ताठ बसला होता. नुसतं हसून वेळ मारून नेता आली असती. पन्नास वर्षं तेच तर केलं होतं.

"कळस नही," नाना म्हणाले. "मुकुट शे. इंग्रजना राजाना."

मगन अर्धवट उठला आणि तसाच खाली बसला.

"आनि त्यास्ना हात?" तिने विचारलं.

लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि तरीही आता थांबवेना.

"मीच मोडा. बंदूकना दस्ता मनाच व्हता."

"माले माहित शे," भिकुबाई म्हणाली. "त्यास्नी तवयच सांगेल व्हतं. गावमा बोलू नको, म्हने. मी तुम्हना तोंडकडे दखी राह्यनी व्हती."

नानांनी पदकासाठी हात पुढे केला. ते घेऊन घरी जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. तिने दिलं नाही. तिने त्यांच्या सदऱ्याचा खिसा चिमटीत धरला आणि पदक टाचलं, सिंह आत, छातीकडे, आणि मुकुट बाहेर, गावाकडे.

"आते असंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

मग ती मास्तरांकडे वळली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला, पण तोंडाला लावला नाही.

"फळ्यावर लिखा, मास्तर."

"काय नाव, आजी?"

बायकांच्या रांगेत कुजबूज उठली. म्हातारी माइकच्या आणखी जवळ सरकली.

"रुपचंद," ती म्हणाली.