जावईबापूंच्या बँकेतलं खातं

“शून्यावर आणा काकू, म्हणजे बंद करता येईल,” जुन्या बँकेतली अधिकारी बाई टेबलापलीकडून म्हणाली.

“परवाच आणलं होतं की. रोख भरून गेले. पावती आहे माझ्याकडे.”

बाईने संगणकाचा पडदा वहिनींकडे वळवला. परवाच्या तारखेसमोर खरंच शून्य होतं. त्याच्याखाली कालची ओळ होती आणि तिच्यापुढे वजाचं चिन्ह.

“हे काय आता?”

“दंड. ड्रायरचा हप्ता मागायला आला, खात्यात पैसे नव्हते.”

“कुठून असणार? तुम्हीच तर शून्यावर आणा म्हणालात.”

बाई हसली नाही, हे वहिनींना बरं वाटलं. मुलीच्या वयाची होती. तिने आवाज जरा खाली आणला आणि पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं. बंद करायचा अर्ज आल्या दिवसापासून या खात्यात बाहेरून आलेले पैसे जमा होत नाहीत, आल्या पावली परत जातात. वेळेला लागतील तेवढे पैसे उचलायची जी सवलत होती, ओव्हरड्राफ्टची, तीही थांबली आहे. यंत्राच्या कंपनीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येणारच, मिळाला नाही की चार दिवसांनी पुन्हा येणार, आणि दर वेळी रिकाम्या हाताने गेला की दंड बसणार. वहिनी ऐकत होत्या. ज्या घराचं आत यायचं दार बंद आणि बाहेर जायचं सताड उघडं, त्या घरात माणसाने राहायचं कसं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. पण हे बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी पिशवीतून नोटा काढल्या, कालचा दंड भरला, खातं पुन्हा शून्यावर आणलं आणि पावती घडी करून ठेवली.

“खातं आज बंद होईल ना?”

“वरच्या कार्यालयातून होतं काकू. दोन-चार दिवस धरा.”

दोन-चार दिवसांत काय होतं ते वहिनींना आता पाठ झालं होतं.

त्यांना वहिनी म्हणत ते सगळेच. यजमान होते तेव्हा ते गल्लीचे दादा होते, म्हणून या वहिनी. दादा गेले, पण वहिनीपण राहिलं. गल्लीच्या टोकाला त्यांची लाँड्री होती. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याच्या टाक्या आणि टाक्यांच्या शेजारी तो ड्रायर. काम इस्पितळाचं. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे डगले. रक्ताला आधी गार पाणी, गरम घातलं की डाग जन्माचा बसतो. हे दादांनी शिकवलं होतं. ड्रायर मात्र दादांच्या माघारी वहिनींनी स्वतः घेतला. दुकानात जाऊन, चार प्रश्न विचारून, स्वतःच्या सहीने. त्याआधी मिक्सरसुद्धा त्यांनी कुणाला विचारल्यावाचून घेतला नव्हता. ओल्या चादरींचा ढीग आत टाकायचा, थोड्या वेळाने कोरड्या, ऊबदार बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी एक चादर गालाला लावून बघितली होती, कुणी बघत नाही असं पाहून.

आणि मग जावईबापू आले.

जावई वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. लग्नानंतर वर्ष-दीड वर्ष त्याला नोकरी नव्हती, तेव्हा त्याची आई उठता-बसता सुनेच्या पायगुणाबद्दल बोलायची. मुलगी माहेरी यायची ती हसत यायची आणि न्हाणीघरात जरा जास्त वेळ लावायची. वहिनी विचारायच्या नाहीत. नळ सोडलेला ऐकू यायचा, तेवढं पुरे होतं. मग त्याला नव्या बँकेत लागलं. अजून कायम व्हायचा होता, पण लागलं. पायगुणाचा विषय त्या घरातून गेला.

एके दिवशी तो गळ्यात टाय अडकवून आला आणि चहा अर्धा टाकून म्हणाला, आई, तुमचं चालू खातं आमच्याकडे आणा ना. या महिन्यात व्यापाऱ्यांची थोडी खाती मिळाली नाहीत तर वरिष्ठ बोलतात. तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त सह्या. जुन्या बँकेला पत्र मी देतो, इस्पितळाला मी कळवतो, हप्ता इकडे वळवून घेतो. जावयाने कधी नव्हे ते काही मागितलं होतं. मुलीने उंबऱ्यातून आईकडे पाहिलं होतं. वहिनींनी चष्मा शोधला आणि त्याने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे सही केली.

जुनं खातं बंद करायचा अर्ज लगेच गेला. नवं खातं मात्र सुरू होईना. इस्पितळाने महिन्याचं बिल जुन्या खात्यात पाठवलं, ते परत गेलं. हिशेबनीस म्हणाला, वहिनी, पैसे आमच्याकडे आहेत, नवं खातं चालू झालं की त्याच दिवशी टाकतो. नव्या बँकेत म्हणाले, जुन्या बँकेचं काही देणं नाही असं पत्र आणा, मग चालू करतो. जुन्या बँकेत म्हणाले, देणं फेडा, पत्र देतो. हातातली रोकड भरून शून्यावर आणलं की पत्र यायच्या आत नवा दंड, आणि पुरतं देणं फेडायला इस्पितळाचे पैसे हवे. वहिनींनी हे सगळं एकदा रात्रीच्या भाकऱ्या थापताना मनाशी जुळवून पाहिलं आणि जिथून सुरुवात केली तिथेच आल्या. तव्यावरची भाकरी करपली.

हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मुलीला सांगावं तर ती नवऱ्याला विचारणार. नवऱ्याला सांगावं तर सासूने जावयाला जाब विचारल्यासारखं. ऐकायला एक इस्त्रीमामा तेवढे होते. दादांच्या वेळचा माणूस, जीभ इस्त्रीपेक्षा तापलेली.

“खात्यात पैसे असले की ही बँक व्याज देत नाही, नसले की दंड घेते,” मामा डगल्याची बाही ओढत म्हणाले. “आपण उगीच चादरी धुतो वहिनी. बँक काढायला हवी होती.”

“तुमचा पगार राहिलाय मामा.”

“माहीत आहे मला. मी आठवण केली का?”

आठवण केली नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. सोड्याचं पोतं संपत आलं होतं. वीज मंडळाचं बिल आरशामागे खोचलेलं होतं. आणि यंत्राच्या कंपनीचा माणूस फोनवर अगदी आर्जवाने सांगून गेला होता की दोन हप्ते चुकले आहेत, तिसरा चुकला की ड्रायर घेऊन जायला गाडी येईल, नियमच तसा आहे, बाई.

तिसऱ्या हप्त्याच्या आदल्या आठवड्यात जावई एकटाच आला. मामा जेवायला गेले होते. वहिनी लगबगीने खुर्ची पुसू लागल्या, पण तो धुवायच्या चादरींच्या गाठोड्यावरच बसला. टाय खिशात कोंबलेला होता.

“आई, एक सांगायचंय. हिला सांगू नका.”

“नाही सांगत.”

“अर्जात एक रकाना होता. दुसऱ्या बँकेत काही कर्ज किंवा उचल आहे का म्हणून. मी ‘नाही’ असं लिहिलं. तुमची उचल मला माहीत होती, पण ‘हो’ लिहिलं असतं तर आधी त्यांचं पत्र मागवावं लागलं असतं, आणि महिना संपला असता. माझी संख्या भरत नव्हती. नंतर तपासणीत ती उचल दिसली, म्हणून खातं अडलं.”

टाकीच्या नळातून थेंब पडत होता. वहिनींनी उठून तो घट्ट केला.

“आता वरून विचारणा झाली तर?” त्यांनी विचारलं.

“झाली तर मला कायम करणार नाहीत. काढतील. या महिनाअखेर ठरायचं आहे.” तो हाताच्या नखांकडे बघत होता. “पण तुम्ही तक्रार करा आई. खरंच करा. जुन्या बँकेत लिहून दिलंत तर त्यांना दंड परत द्यावा लागेल, खातंही पूर्ववत होईल. मी काही म्हणणार नाही. चूक माझी आहे.”

त्याने आडवाटेने विनवलं असतं, नाक वर केलं असतं, तर वहिनींना निदान रागवायला जागा मिळाली असती. तीही त्याने ठेवली नाही. त्या बराच वेळ चादरींच्या गाठी तपासत राहिल्या. मग म्हणाल्या, “जेवलात का?”

तो नाही म्हणाला. वहिनींनी त्याला वाढलं. तो खाली मान घालून जेवला, ताट स्वतः उचलू लागला तेव्हा वहिनींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. जावयाला ताट उचलू देतात का कुठे.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन. काही नाही गं, सहजच. सासूबाई आता शेजारणींना सांगतात म्हणे, आमची सून आली आणि मुलाला बँकेत लागलं. हे सांगताना मुलगी हसली. किती दिवसांनी वहिनींनी ते हसू फोनवर ऐकलं.

“आई, तुझं ठीक ना सगळं?”

“मला काय होतंय,” वहिनी म्हणाल्या.

हप्त्याच्या आदल्या दिवशी त्या जुन्या बँकेत गेल्या. तीच बाई होती. खातं वजात होतं. बाईने पाहिलं, उसासा टाकला आणि खणातून एक कागद काढला.

“काकू, मी साहेबांशी बोलले तुमच्याबद्दल. नव्या बँकेच्या चुकीने झालंय असं लिहून दिलंत तर सगळे दंड परत. बंद करायचा अर्ज रद्द धरू, उचल आजच सुरू करू. उद्याचा हप्ता जाईल तुमचा.”

“आजच?”

“आजच. फक्त इथे लिहा, तिकडे अर्ज कुणी भरून घेतला. त्या अधिकाऱ्याचं नाव.”

वहिनींनी पेन हातात घेतलं. सोड्याच्या पाण्याने त्यांची बोटं सुरकुतलेली होती, पेन नीट धरवत नसे. उद्याचा हप्ता जाईल. मामांचा पगार होईल. ड्रायर जागेवर राहील. नाव तर तोंडपाठ होतं, लग्नपत्रिकेवर त्यांनीच छापून घेतलेलं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

“नाव नाही घातलं तर?”

“मग चौकशी कुणाची करणार ते?”

“आणि मीच भरला असेन तर अर्ज?”

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही भरलात?”

“हो. मला कळलं नाही तो कर्जाचा रकाना. मीच ‘नाही’ असं लिहिलं.”

“काकू, अक्षर जुळवून बघतात.”

“तुम्ही बघणार आहात का?”

बाई हळूच म्हणाली, “चूक तुमची असेल तर दंड परत मिळणार नाहीत. माझ्या हातात काही राहत नाही.”

“असू दे,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही पुष्कळ केलंत.” त्यांनी कोरा कागद टेबलावरून बाईकडे सरकवला आणि पेनाला टोपण घालून वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली ती सकाळीच. वहिनींनीच कंपनीला फोन केला होता. यंत्र घेऊन जा, तुमचं राहिलेलं कापून घ्या, उरेल ते माझ्या हातात रोख द्या, खात्यात नको. फोनवरचा माणूस गोंधळला, असं स्वतःहून कुणी सांगत नाही म्हणाला. चौघांनी ड्रायर हलवला. मामांनी त्यांना दारातून बाहेर काढताना भिंतीला लावू नका म्हणून शिव्या घातल्या. उरलेल्या पैशांतून आधी त्यांचा पगार झाला, मग जुन्या बँकेचं देणं. या वेळी हप्ता मागायला यायला काही उरलंच नव्हतं, म्हणून शून्य शून्यावर थांबलं. पत्र मिळालं. ड्रायरशिवाय एवढ्या चादरी वेळेत देणं जमेना, तेव्हा इस्पितळाने दोन विभागांचं काम ठेवलं, बाकीचं दुसरीकडे दिलं. मामा अर्धा दिवस दुसऱ्या लाँड्रीत जाऊ लागले. तिथल्या मालकाला म्हणे विनोद समजत नाही.

महिना उलटल्यावर जावई आला, नव्या खात्याचं चेकबुक द्यायला. तो कायम झाल्याचं मुलीने आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं, पेढे नंतर आणते म्हणाली होती. “आई,” अशी हाक मारत तो आत आला आणि मागच्या खोलीच्या दारात थबकला. जिथे ड्रायर होता तिथली फरशी बाजूच्या फरशीपेक्षा उजळ होती. भिंतीतून वायरचं तोंड बाहेर आलेलं होतं, त्याला चिकटपट्टी गुंडाळली होती.

वहिनी टाकीजवळ होत्या. पलंगाची मोठी चादर पाण्यातून वर काढली होती, पण ओली चादर एका माणसाला पिळता येत नाही. एक टोक नळाला अडकवून त्या दुसरं वळवत होत्या, आणि नळ हलत होता.

त्याने चेकबुक कोरड्या जागी ठेवलं. बूट काढले, मोजे काढले, बाह्या वर केल्या. वहिनींनी पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाल्या नाहीत. नळाला अडकवलेलं टोक सोडवून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“तुम्ही उजवीकडे वळवा,” त्या म्हणाल्या. “मी इकडून वळवते. सैल नका सोडू.”

दोघं समोरासमोर उभे राहिले. मधे चादर दोराएवढी बारीक होत गेली, आणि पाणी त्याच्या विजारीवर, वहिनींच्या पावलांवर पडू लागलं.