ब्रोमीनची बाटली

आमच्या रंगाच्या कारखान्यात माझा मामा प्रयोगशाळेचा प्रमुख आहे आणि मी त्याच्या हाताखाली. मी वशिल्याने लागले असं लोक म्हणायचे. मामा मला सगळ्यांदेखत झापतो, त्यामुळे हल्ली कमी म्हणतात.

मामाचं नाक ही कारखान्याची मालमत्ता होती. पिंपावरची चिठ्ठी निघाली की मामा आतला थेंब कागदावर टाकायचा, हुंगायचा आणि नाव सांगून मोकळा व्हायचा. परीक्षानळ्या त्याच्या मते नाक नसलेल्यांसाठी होत्या. हेच नाक संध्याकाळी घरी पोचलं की मामीचा जीव मेटाकुटीला यायचा. "दूध करपलंय," असं तो दारातूनच सांगायचा. तिने अजून पेलाही भरलेला नसायचा.

गेल्या आठवड्यात बिनचिठ्ठीचं एक पिंप निघालं. आत टर्पेंटाइन की व्हाइट स्पिरिट, कळेना. दोन्ही रंग पातळ करायची द्रव्यं, दिसायला पाण्यासारखी. तिकडे व्हार्निशचं काम खोळंबलेलं, म्हणून मॅनेजर स्वतः येऊन उभे राहिले. मामाने कागद हुंगला, पुन्हा हुंगला आणि मला म्हणाला, "ब्रोमीनचं पाणी आण."

मी चाटच पडले. परीक्षा तशी साधी आहे. व्हाइट स्पिरिट ब्रोमीनच्या वाटेला जात नाही, त्यामुळे तांबूस रंग तसाच राहतो. टर्पेंटाइन ब्रोमीनला धरून ठेवतं आणि रंग उडतो. पण मामाला परीक्षेची गरज पडावी, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

बाटली हवा ओढणाऱ्या कपाटात उघडायची असते, कारण वास असा की भूतसुद्धा पळेल. मामाने ती टेबलावरच उघडली. मॅनेजर नाकाला रुमाल लावून दारापर्यंत मागे सरले, मीही सरले. मामा मात्र बाटलीवर वाकून निवांत थेंब सोडत होता. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण नाकाची सुरकुतीही हलली नाही. नळी हलवली, रंग गेला.

"टर्पेंटाइन," मामा म्हणाला. मॅनेजर दारातूनच खूश होऊन गेले.

"मामा, तुला वास येत नाही ना?" मी विचारलं.

"सर्दी झाली होती. जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणतात, औषधाने परत येईल."

"मग घेतोयस का?"

"नाही. आणि मामीपाशी तोंड उघडू नकोस."

तेव्हा मला उलगडा झाला. मामी हल्ली खुलली होती. "माणूस निवळला गं, काहीही पुढे ठेवलं तरी छान म्हणतात," असं भेटेल त्याला सांगत होती. तिच्या सुखात मला माती कालवायची नव्हती. पण घरात गॅस आहे, आणि गळती कळायला नाकच लागतं. संध्याकाळी मी मामाबरोबर घरी गेले आणि त्याच्यासमोरच मामीला सांगून टाकलं. मला फार वाईट वाटत होतं.

मामी मामाकडे वळली.

"म्हणजे परवाचं दूध करपलेलंच होतं?"

"मला काय माहीत," मामा म्हणाला.

"मग छान कशाला म्हणायचात?"

"आधी वासावरून बोलायचो. आता काही कळत नाही, म्हणून तुझ्या तोंडाकडे बघतो. तू बरी दिसायचीस."

मामीने उठून गॅस बंद असल्याची खात्री केली. मग मामाकडून औषधाची चिठ्ठी मागून घेतली, उलटसुलट पाहिली आणि त्यालाच परत दिली.

"उद्यापासून औषध सुरू करा," ती म्हणाली. "पण सावकाश घ्या."