नको सांगून गेलेली

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या बायका गुडघ्याच्या ऑपरेशनपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं चवीने बोलतात. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी सरळ सांगितलं, की एचआयव्हीवरच्या लशीची चाचणी चालू आहे, ती आधी निरोगी माणसांना टोचून बघतात आणि त्या माणसांत मी नाव घातलंय, तेव्हा सगळ्यांना एकदम आपापल्या वाटीतल्या कैरीच्या डाळीत काहीतरी सापडलं. दोघीतिघींनी पन्ह्याचे पेले न पिताच खाली ठेवले. घरी आल्यावर माझा नवरा कृष्णकांत म्हणाला, “अरुंधती, चारचौघांत सांगायची काय गरज होती?”

गरज होती. माझा धाकटा भाऊ कमळाकर पळस्प्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात होता. तो याच आजाराने गेला आणि आमच्या घराने गावभर कावीळ सांगितली. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण मागच्या खोलीत. मी हट्टाने त्याच्याच पेल्यातून चहा प्यायचे, आई कपाळावर हात मारायची आणि तो उशीला टेकून खुदकन हसायचा. तो गेल्यावर घरच्यांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते अजून तसंच आहे. तो स्टीलचा पेला मी सासरी घेऊन आले आणि रोज त्यातूनच पाणी पिते. कृष्णकांतच्या कपाळाला आठ्या पडतात, पडोत बापड्या.

चाचणीचं केंद्र कोन गावच्या रस्त्याला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सगळं नीट समजावलं होतं. लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे हा रोग होत नाही. काहींना लस मिळते, काहींना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय कोणीही, केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकतं. एकदा माणूस नको म्हणाला की केंद्रातल्या कोणी त्याची समजूत घालायची नाही, का म्हणून विचारायचंही नाही. पूर्वी न विचारता गोरगरिबांच्या अंगावर औषधं वापरून पाहिली गेली, त्यातून हा नियम आला, आणि मला तो मनापासून आवडला होता.

सुई घेतल्यावर पुढचे काही दिवस केंद्रातली भावना रोज संध्याकाळी फोन करायची. ही उरणकडच्या कोळ्यांची पोर, कामावर अगदी ठाकठीक बोलायची, पण गडबडली की तिची घरची भाषा बाहेर यायची. ताप आहे का, सूज आहे का, हात दुखतो का, एवढंच तिला विचारायचं असे. मला काहीच होत नसे. पहिल्या सुईला नाही, दुसऱ्या सुईलाही नाही. म्हणून दुसऱ्या सुईनंतर एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे “काही नाही गं” म्हटलं, तेव्हा ती घोटाळली.

“मॅडम, काल तर तुम्ही म्हणालात की ताप हटत नाही आणि हात वर होत नाही.”

“काल मी तुझा फोन घेतलाच नाही. मी भाजी आणायला गेले होते, फोन घरीच राहिला होता.”

“असं कसं? मी काय तुमचा आवाज ओळखत नाय? रडत होतात तुमी.”

फोनमध्ये पाहिलं, तर आदल्या संध्याकाळचा तो कॉल घेतलेला दिसत होता आणि बोलणं बराच वेळ चाललं होतं. माझा पहिला संशय अर्थातच कृष्णकांतवर गेला. पण तो घसा कितीही बारीक करू दे, बाईसारखं रडणं काही त्याला जमण्यासारखं नाही, आणि विचारल्यावर त्याने काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग तो माझ्याशी गोड वागायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याच्या गोड वागण्याला मी तरी घाबरते. बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला, मला आवडतात म्हणून ताडगोळे आणले, आणि जेवताना म्हणाला, “हल्ली किती निवळलीस तू. काल दुपारी आपण दोघं शांतपणे जेवलो, किती बरं वाटलं. तो विषय तू आपणहून संपवलास.”

“कुठला विषय?”

“हेच. सुया सोडणार म्हणालीस ना. सोसायटीत कोणी विचारलं तर साध्या तपासणीला जात होते म्हणून सांगू म्हणालीस.”

आदल्या दुपारी मी ऑफिसात होते, चार माणसांत बसून डबा खाल्ला होता. मी पाणी प्यायला उठले. फडताळात कमळाकरचा पेला नव्हता. मी सगळी भांडी खाली काढली, मोरीत पाहिलं, ओट्याखाली पाहिलं. कृष्णकांत दारात उभा राहून म्हणाला, “अगं, तूच नाही का भंगारवाल्याला दिलास? झालं तेवढं पुरे, म्हणालीस.”

डोक्यात अशी तिडीक गेली की भीती वाटायचं राहूनच गेलं. माझा आवाज घेतला, माझा नवरा घेतला, इथवर एक वेळ ठीक होतं. पण माझ्या भावाला दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचा अधिकार तिला कोणी दिला? माझं रूप घेऊन फिरणाऱ्या त्या बाईला त्या क्षणी मी पहिल्यांदा मनातल्या मनात ‘ती’ म्हटलं.

तिसरी, शेवटची सुई ठरलेल्या आठवड्यातच घ्यावी लागते, नाहीतर माणूस चाचणीतून बाद. मी त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून, रिक्षा करून केंद्रावर पोचले. मला बघून भावना हातातला चहा तसाच ठेवून पुढे आली.

“मॅडम, तुमी परत कशाला आलात?”

“परत?”

“सकाळीच डॉक्टरांना सोडते म्हणून सांगून गेलात ना. अंगठा लावलात, मशीनवर तुमचाच फोटो आला. मी सोता खाली रिक्षापर्यंत सोडलंय तुमाला.”

डॉक्टरांनी मला आत नेलं आणि दार लावून घेतलं. भला माणूस, पण स्वतःच्याच नियमात पुरता अडकलेला. “सकाळी तुम्ही नको म्हणालात,” ते म्हणाले. “मला का म्हणून विचारता येत नाही. आणि आता तुम्ही हो म्हणता.”

“माणसाला मत बदलता येत नाही का?”

“येतं. आज केंद्र बंद होईपर्यंत येतं.” “पण सकाळी तुम्ही आणखी एक सांगून गेलात. म्हणालात, दुपारी ती येईल आणि हट्ट धरेल. तिचं ऐकू नका. तिला कशाचीच भीती वाटत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवू नका.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“डॉक्टर, मला भीती वाटते. सोसायटीची वाटते, नवऱ्याची वाटते, आत्ता या खोलीचीही वाटतेय. पण ती जे करते ते मला चांगलं ओळखीचं आहे. तोंडाने कावीळ म्हणायचं, ताट वेगळं मांडायचं, माणूस मेला की भांडी भंगारात घालायची आणि वर म्हणायचं की घर कसं निवळलं. आमच्या घरात सगळे तसेच होते. मी नव्हते, आणि होणारही नाही. मला सुई हवी आहे.”

“तुमच्यावर कोणाची जबरदस्ती आहे का?” हे त्यांना विचारावंच लागतं.

“आहे. नको म्हणायची.”

त्यांनी नियमाप्रमाणे मला सगळं पहिल्यापासून समजावलं, मी सगळ्याला हो म्हटलं, आणि ते उठून सिस्टरना हाक मारायला गेले.

सिस्टरनी दंड पुसला. मी मान वळवली नाही, सुईकडेच पाहत राहिले. टोक कातडीला टेकलं, आत गेलं, आणि मला काहीच कळलं नाही. आत जातंय ते कोमट आहे की गार, एवढंसुद्धा नाही.

बाहेर, भेटीला आलेल्यांच्या बाकावर, कोणीतरी “आई गं” म्हणून कळवळलं.

आवाज माझा होता. सिस्टरचा हात जागीच थांबला. औषध अजून निम्मं बाकी होतं. दारात उभ्या असलेल्या भावनाने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत बाकाकडे, तिथेही मीच बसल्यासारखं.

“थांबू नका, सिस्टर,” मी म्हणाले. “तिला होईल सवय.”