आठ कोअर आणि एक घड्याळ

कॉम्प्युटरवालीने पेटीचं झाकण काढून आत टॉर्च मारला. आत धुळीचा कणही नव्हता. निवृत्त घड्याळजी मागे उभे होते, आजाऱ्याचा नातेवाईक डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो तसे.

लेकीचं चित्र अडकतं, असं त्यांनी दुकानात येऊन तीनदा सांगितलं होतं. दर रविवारी दुपारी चारला परगावच्या लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. पाचएक मिनिटं बरी जायची आणि मग तिचा चेहरा थिजायचा. म्हणून त्यांना आठ कोअरचा प्रोसेसर काढून सोळाचा बसवायचा होता. पण कॉम्प्युटरवालीची खोड अशी, की बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती साधी वायरसुद्धा विकत नसे. या खोडीपायी तिचं दुकान कधी फारसं चाललं नाही, पण स्वभावाला औषध नसतं. आज रविवार साधून ती स्वतःच आली होती.

झाकण लावण्याआधी तिने मशीन चालू केलं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आठ चौकोन उघडले. एकेका कोअरवर किती काम पडतंय ते त्यात दिसत होतं.

"कोअर म्हणजे कामाला ठेवलेली माणसं, काका. तुम्ही पत्रं लिहिणार, फोटो बघणार, लेकीशी बोलणार. त्याला चारसुद्धा रगड. सोळा लागतात ते सिनेमे जोडणाऱ्यांना. तुमचे आठातले सहा आत्ताच माश्या मारत बसलेत."

घड्याळजी हसले. "बसू देत. घरात तेवढीच माणसं."

चार वाजायच्या आधीच त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. कॉल आला. लेकीने गुडघ्याची चौकशी केली, गोळ्या घेतल्या का विचारलं. मग घड्याळजींची कळी खुलली. शेजारणीने माळ्यावरचं गजराचं घड्याळ आणून दिलं होतं, त्याची स्प्रिंग काढायला गेले तर आत काय निघालं, ते रंगवून सांगू लागले. ऐन रंगात लेकीचा चेहरा थिजला. नजर किंचित खाली, ओठ मिटलेले, पलीकडचा आवाज बंद.

"बघा," घड्याळजी हळूच म्हणाले. "अडकलं."

कॉम्प्युटरवालीने चौकोन पाहिले. सगळे निवांत होते. नेटही ठीक होतं. मग तिने चित्राकडे निरखून पाहिलं. लेकीच्या मागे भिंतीवर जुनं लाकडी घड्याळ होतं आणि त्याचा सेकंदकाटा फिरत होता. लेकीचे डोळेही फिरत होते, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ. ती आवाज बंद करून दुसरंच काहीतरी वाचत होती.

तीन मिनिटांनी लेक परत बोलू लागली. मध्येच नेट गेलं वाटतं, म्हणाली. घड्याळजींनी लगेच दोष आपल्या मशीनवर घेतला. पुढच्या रविवारचं ठरवून कॉल संपला.

खरं काय ते सांगायला हवं होतं. तोंड कसं उघडावं ते कळेना, तेव्हा झाकणाचे स्क्रू आवळता आवळता तिने लांबून सुरुवात केली.

"तुमच्या लेकीच्या मागचं घड्याळ छान आहे, काका."

"मीच दिलंय, तिच्या लग्नात. सेकंदकाटा जरासुद्धा अडखळत नाही. दर रविवारी बघतो ना मी."

तिचा हात स्क्रूवरच थांबला. घड्याळजी टेबलावर नसलेली धूळ पुसत राहिले.

"मग सोळाचा बसवायचा ना, ताई?"

गरज नसलेली वस्तू विकायला ती आयुष्यात पहिल्यांदाच तयार झाली.

"बसवू. पुढच्या रविवारी तुमचा कॉल झाला की. वेळ लागेल पण."

"लागू दे."

तिने पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाऊन परत खाली ठेवली. त्या गजराच्या घड्याळातून काय निघालं, तिने विचारलं.

"ते राहिलंच की," असं म्हणून घड्याळजींनी आपली खुर्ची स्क्रीनकडून तिच्याकडे वळवली.