दोन कण्हेरी

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात पत्र्याच्या डब्यात फळं पडल्याचा टप् टप् आवाज आला, की मला आजही सुमनकाकूंची वाकलेली पाठ दिसते. जूचंद्रला आमच्या इमारतीला लागूनच त्यांची वाडी. कुंपणाशी दोन कण्हेरी उभ्या. तांबडी ताठ, जाड पानांची, फुलांचे घोस आभाळाकडे उघडून धरणारी. पिवळी सडसडीत, लवलवत्या पानांची, अर्धमिटल्या घंटांसारखी फुलं खाली लोंबू देणारी. गोत्र एकच, चीकही दोघींचा विषारी. काकूंच्या ठायी या दोघी सुखाने नांदत: आवाज तांबडीचा, हात पिवळीचे.

रोज सकाळी झाडलोटीआधी त्या पिवळीखालच्या बिट्ट्या वेचून खड्ड्यात पुरत. मुलांच्या हातातून तर हिसकावूनच घेत. मी देशावरची, लहानपणी वाळल्या बिट्ट्यांनी खुशाल खेळलेली. मला वाटे, बाई खाष्टच आहे, एवढ्याशा फळाचं केवढं अवडंबर!

एका दुपारी कुंपणाशी भातुकली रंगली होती. काकू तरातरा आल्या आणि माझ्या चार वर्षांच्या ईराचं मनगट त्यांनी धरलं.

"मूठ उघड, बाय."

मुठीत हिरवी बिट्टी होती, आणि तिच्यावर दाताची खूण. काकूंनी पोरीला खळखळून चुळा भरायला लावल्या, हात धुतले, आणि त्या माणिकपूरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसल्या. दात सालीपलीकडे गेला नव्हता. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

"देवाला चालते ते पोरांना चालत नाय," परतताना त्या म्हणाल्या. "सोमवारी महादेवाला फूल लागते, म्हनून झाड ठेवलंय. मंग बिट्ट्या येचायला नको?"

मी त्यांचे पाय धरले. आजही ईरा हसली, की मनातल्या मनात धरते.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्यांचा डबा आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी वाकते, पिवळीखालून बिट्ट्या वेचते. ईरा दहा वर्षांची झाली. परवा तिने शेजारच्या छोटीचं मनगट धरलं आणि दटावलं, "मूठ उघड, बाय." तोच करडा स्वर, तीच मऊ पकड. मी वाडीकडे वळून पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं, आणि छोटीची मूठ मात्र हळूहळू उघडत होती.