दारावरचे अकरा रणगाडे

साहेबांनी कागद पुढे केला तेव्हा ताई ट्रकच्या डाव्या दारावर ओला पॉलिशपेपर घासत बसली होती. कागदावर अकरा चिमुकले रणगाडे छापलेले होते, एका ओळीत.

"हे या दारावर हवेत," साहेब म्हणाले. "शत्रूचे अकरा रणगाडे उडवले म्हणून अकरा. आणि मागे एक बंदूक बसवायची. खोटीच, पण दिसायला दणदणीत."

ताई गुडघ्यावर हात टेकून उठली. ती आणि तिचा थोरला भाऊ गेली एकवीस वर्षं जुन्या लढायांतल्या गाड्या दुरुस्त करत होते. इंजिन दादाकडे, पत्रा आणि रंग हिच्याकडे. बॉनेटच्या बिजागरीखाली, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे नख घालून ती मूळ रंग हुडकून काढायची. हा ट्रक साहेबांनी कुठल्याशा शेतातून उचलून आणला होता, युद्धसामग्रीच्या प्रदर्शनात मांडायला.

"साहेब, ही लढलेलीच नाही. इकडे या."

तिनं दार दाखवलं. वर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली वाळूचा रंग. वाळूच्या रंगावर पुसट पांढरी अक्षरं होती : पिण्याचे पाणी.

"मागे चौकटीत ही बोल्टची भोकं बघा. इथं टाकी होती."

"असेल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना." तिनं खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. गाडीचा नंबर देऊन तिनं लष्कराच्या दप्तरखान्यात विचारणा केली होती, त्याचं ते उत्तर. "अकरा महिने रोज दोन खेपा. एका सकाळी सैनिक बादल्या घेऊन रांगेत उभे असताना वरून बॉम्ब पडले. ड्रायव्हर स्टिअरिंगवरच गेला. तेवीस वर्षांचा होता."

दादा गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि पाना हातात धरून तसाच बसून राहिला.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाचा हट्ट ऐकून हसतात तसे हसले. "ताई, पाणी वाटणारा बघायला कोण येतं हो? लोकांना बंदूक बघायची असते. तुम्ही रंगारी, तुम्ही रंग लावा. इतिहास आमच्यावर सोडा."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रंगच लावते मी, थापा नाही लावत! त्या पोरानं एकही गोळी झाडली नाही. तहानलेल्यांना पाणी पाजता पाजता मेला, आणि त्याच्या दारावर मी खेळण्यातले रणगाडे काढू? त्याच्या घरचं कुणी बघायला आलं तर काय सांगाल? तुमचा मुलगा बंदूक चालवत होता म्हणून?"

"दुसरा रंगारी मिळेल मला."

"मिळेल की. खोटं काढायला हात कुठे लागतो, साचा लागतो!"

दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. दादा दिवसभर धुसफुसत होता. "दोन महिने राबलो मी त्या इंजिनावर. तुझी जीभ जरा आवरली असतीस तर?"

"मग तू काढायचे होतेस रणगाडे."

दादा पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरला.

प्रदर्शन उघडलं त्या रविवारी ताई तिकीट काढून आत गेली. ट्रक सर्वांत पुढे होता. मागे बंदूक, दारावर अकरा रणगाडे, समोर पाटी : 'अकरा रणगाडे नष्ट करणारे वाहन'. एक आजोबा नातीला उचलून ते मोजायला लावत होते. ताई त्यांच्याजवळ गेली आणि तिनं पत्र वाचून दाखवलं. मग पुढच्या कुटुंबाला. मग त्याच्या पुढच्याला. तासाभरात पाचपन्नास माणसं जमली आणि पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. तिनं दंड झटकला. "हात नका लावू. मी चालायला शिकलेय."

पुढच्या रविवारी ती पुन्हा निघाली, तर दादा कपडे बदलून दारात उभा. पत्राच्या शंभर प्रती त्याच्या हातात. "आत नाही घेणार तुला. फाटकाशी वाटू. मला बोलता येत नाही, पण कागद देता येतो."

चार रविवार दोघं फाटकाशी उभी राहिली. पाचव्या आठवड्यात प्रदर्शनवाल्यांनी पाटी बदलली. आता लिहिलं होतं, 'युद्धकाळातील ट्रक'. बंदूक तिथेच. रणगाडे तिथेच.

"चला, निम्मं तरी खोटं गेलं," दादा म्हणाला.

"निम्मं म्हणजे काय? निम्मा मेला होता का तो?" ताई कडाडली. मग तिनं उरलेल्या प्रती त्याच्या हातातून ओढून घेतल्या आणि बसमधून उतरणाऱ्या शाळेच्या मुलांकडे निघाली.