दोन वावरांमधला धुरा

मी एक जुना धुरा आहे. धुरा म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांना सांगावं लागेल. दोन शेतांच्या मध्ये मातीचा जो उंचवटा असतो, त्याला बाकी महाराष्ट्र बांध म्हणतो. आमच्या वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात आणि बांधाला धुरा. वरवट बकालच्या शिवारात माझ्या एका अंगाला नजीरभाईंचं वावर आहे आणि दुसऱ्या अंगाला पंजाबरावांचं. समोर सातपुडा दिसतो. मधे मी आडवा पडलेलो आहे, आणि अजून पडलेलो आहे हीच मोठी गोष्ट. कारण मला आणि नजीरभाईंच्या सगळ्या वावराला खरवडून वीटभट्टीवर न्यायचं ठरलं होतं. मित्रांनो, सुटलो बुवा! कसा सुटलो तेच सांगतो.

माझं मूळ दगडात आहे. डोंगरातला काळा दगड उन्हानं तापला, पावसानं भिजला, तडकला, भुगा झाला. ओढ्यांनी तो भुगा इथवर आणून टाकला. त्यात गवत उगवलं, मेलं, कुजलं, पुन्हा उगवलं. असं करत करत बोटभर जाडीची माती व्हायला माणसांच्या कितीतरी पिढ्या खपतात. पुढे नजीरभाईंच्या आणि पंजाबरावांच्या आजोबांनी वावरातलीच माती टोपल्यांनी उचलून, उताराला आडवं मला उभं केलं. पावसाचं पाणी धावत सुटू नये, थांबून जमिनीत मुरावं, म्हणून. दोघांनी माझ्यावर बसून भाकरी खाल्ली, तेव्हापासून मी कामाला लागलो.

आता मला नुसती माती समजू नका हं. मूठभर उचलून पाहा. त्यातली अर्धी मूठ तर रिकामी जागा असते, कधी हवेनं भरलेली, कधी पाण्यानं. उरलेल्यात दगडाचं पीठ, थोडी कुजलेली पानं-मुळं, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव इतके की मोजणारा म्हातारा होईल. हे जीव मेलेलं पान खातात आणि त्याचं झाडाला पचेल असं अन्न करतात. ते नसते तर मेलेलं सगळं तसंच पडून राहिलं असतं, आणि झाडं उपाशी. शिवाय ते चिकट रस सोडतात. त्या रसानं मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचे दाणे होतात. दाण्यांच्या फटींतून पाणी खाली जातं, मुळं श्वास घेतात. दाणा टिकला की माती टिकली, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

माझ्यावर नांगर कधी चालला नाही. त्यामुळे माझ्याकडे गवत, बोरीचं झुडूप, मुंग्या, गांडुळं, एक मुंगूस, असा सगळा गोतावळा. पण कौतुक कोणाला? पंजाबराव दर उन्हाळ्यात बखर, म्हणजे तुमचा वखर, मारताना माझ्या कडेला आले की हात हळूच आत दाबायचे, आणि वीतभर मी त्यांच्या वावरात. नजीरभाई पाहायचे आणि आपल्या बाजूनं तेच करायचे. मग दोघं माझ्यावरच बसून तंबाखू मळायचे आणि ‘धुरा लय बारीक झाला गड्या’ म्हणून हळहळायचे. घ्या! दोन्हीकडून कोरून कोरून माझं पोट पाठीला लागलं होतं.

पण खरं संकट आलं ते खालून. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. म्हणून जुनी माणसं पावसाच्या ओलीवरच पिकं घ्यायची. नजीरभाईंच्या मुलानं, मतीननं, बोअर मारलं. पाणी लागलं तसे त्यानं पेढे वाटले. स्वतः ओंजळभर प्यायला आणि तोंड वाकडं करून थुंकला.

“बेटा, जे आपल्याच्यानं पेवत नाई, ते पिकाले कसं चालंन?” नजीरभाई म्हणाले.

“चन्याले का जीभ हाय, अब्बा?” मतीन हसला आणि मोटार चालू केली.

पहिल्या हिवाळ्यात हरभरा झकास आला. मतीन मिशीला पीळ देत फिरत होता. पण पाणी उन्हानं उडून जातं आणि त्यातले क्षार जमिनीत राहतात. त्या क्षारांनी मघाशी सांगितलेले दाणेच फोडले. दाण्यांचं पीठ झालं, पिठानं फटी बुजल्या. मग पाऊस आला की वावरात डबकं, आणि उघडला की नुसता टणक ओटा. अशा जमिनीला चोपण म्हणतात. तिच्यात मुळांचा जीव गुदमरतो. वावरातली जी गांडुळं वाचली, ती बिऱ्हाड उचलून माझ्याकडे आली. मी त्यांना घेतलं, पण मला फार वाईट वाटलं हो.

दोन पेरण्या उगवल्याच नाहीत. “जमीन मेली,” मतीन म्हणाला. त्याच सुमारास एक वीटभट्टीवाला आला. वरची दोन हात माती मी नेतो, खालून कोरी माती निघेल, मग हवं ते पेर, असं त्यानं सांगितलं. माझ्यावरही त्याचा डोळा होता. बुडणाऱ्या माणसाला असं बोलणं गोड लागतं. मतीननं हो म्हटलं.

ठरल्या सकाळी जेसीबी आला. नजीरभाई मान खाली घालून वावराच्या कडेला बसले होते. चालवणारा सहदेव, भला माणूस, पण त्याचं कामच ते. लोखंडी दातांनी माझा पहिला घास घेतला. गवताची मुळं तटतट तुटली, गांडुळं उघडी पडली. मित्रांनो, मी घाबरलो. आपलं संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात पलीकडून धोतराचा सोगा सावरत पंजाबराव धावत आले. “ए बे! धुरा काऊन तोडून राह्यला? माह्या आज्यानं टाकलेला धुरा हाय हा!”

नजीरभाई ताडकन उठले. “पंजाबराव, इतकी सालं तूच त्याले कोरून खाल्ला, अना आज आज्याचं नाव सांगतं?”

“अना तू का रोजा धरला होता?”

त्या अवस्थेतही मला हसू आलं. सहदेवनं यंत्र बंद केलं आणि बिडी काढली. पंजाबराव मतीनकडे वळले. “खाली कोरी माती हाय म्हनतं, ते पाह्यलं कोनं?”

कोणीच पाहिलं नव्हतं. मतीननं सहदेवला वावरात एक खड्डा खणायला सांगितलं.

खड्डा झाला आणि चौघं वाकून पाहू लागले. वर गडद, आजारी माती. तिच्याखाली दगडासारखी घट्ट ढेकळं, आणि त्यांच्यावर पांढरे डाग. नजीरभाईंनी एक खडा जिभेला लावला आणि थुंकला. “हे तं वरच्याहून खारं हाय रे!”

अहो, मातीलाही थर असतात. वरचा थर कितीही आजारी असला तरी मातीचा जीव तिथेच असतो. तो ट्रकात घालून दिला की खाली उरतं ते हेच.

मतीन खड्ड्याच्या काठावर बसला. “मंग तं दोनीकडून गेलो आपण.” त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

एवढ्यात बिलकिसबी, म्हणजे नजीरभाईंची बायको, चहा घेऊन आल्या. मोडलेला मी त्यांना दिसला. “धुरा तोडताच हाये तं थोडी माती मले चुलीले घेऊ द्या,” त्या म्हणाल्या. “या साली वावराची माती नेली, तं चूल दोनदा तडकली.” चुलीची माती पारखायची त्यांच्या सासूबाईंची एक रीत होती. ढेकूळ पाण्यात टाकायचं, हलवायचं नाही, नुसतं पाहायचं. त्यांनी चहाचे दोन रिकामे ग्लास विसळले, त्यांत प्यायचं पाणी भरलं, आणि एकात माझं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात वावरातलं.

वावरातलं ढेकूळ विरघळत गेलं आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं. माझं ढेकूळ तळाशी जसंच्या तसं बसलं. पाण्यातून पलीकडचं दिसत होतं.

“मतीन, धुऱ्याची माती याच वावराची ना रे?”

“हो, अम्मी.”

“मंग हे काऊन विरलं, अना हे काऊन बसलं?”

मतीननं वाकून एकेक ग्लास पाहिला. मग हळूच म्हणाला, “धुऱ्याले बोअरचं पानी नाई भेटलं.”

“अना गवत भेटलं,” पंजाबरावांनी जोड दिली.

“म्हन्जे मेली नाई ती, अम्मी. मीच तिले बिमार केली.” मतीन उठला, डोळे पुसले आणि ओरडला, “सहदेवभाऊ, गाडी वापस घ्या!”

काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगावरच्या गवताचं पातं न् पातं सुटकेनं हललं असेल! सहदेवनं जाण्याआधी माझा तोडलेला लचका नीट परत लावून दिला. पंजाबरावांनी आपल्या बाजूचं हातभर वावर मला सोडलं. ते पाहून नजीरभाईंनाही सोडावंच लागलं.

पुढचं काम सावकाशीचं होतं. बोअरचं पाणी वावराला बंद झालं. कृषी सहायकाला विचारून मतीननं शेगावहून जिप्समची पोती आणली, कारण जिप्सम त्या क्षारांना कणांपासून सोडवतं. पावसानं ते धुऊन बाहेर निघावेत म्हणून चर काढला. ढैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरला आणि फुलावर येताच तिथेच गाडला. दर हंगामात तो ग्लास घेऊन यायचा, ढेकूळ टाकायचा आणि बसायचा. पाणी पहिल्यांदा गढूळच. मग जरा कमी. परवा पावसाळा सरला तेव्हा त्यानं ढेकूळ टाकलं, आणि ते बसलं. पोरगा ग्लास तसाच धरून, पाणी सांडू न देता, अम्मीला दाखवायला घरापर्यंत गेला. माझ्याकडची पाहुणी गांडुळंही एकेक करून वावरात परतली. घर रिकामं झालं, पण काय हलकं वाटलं मला!

मित्रांनो, तुमच्या गावातलं, परसातलं एक ढेकूळ पाण्यात टाकून पाहा. ते विरून पाणी गढूळ झालं तर समजा, मातीला तुमची गरज आहे. तिला उघडी ठेवू नका, पालापाचोळा जाळू नका, आणि जे पाणी तुम्हाला पिववत नाही ते तिच्यावर ओतताना आधी विचारून घ्या. ती लवकर मरत नाही, पण एकदा ट्रकात भरून गेली की तुमच्या हयातीत परत येत नाही.

काल पंजाबराव रब्बीच्या तयारीला बखर घेऊन माझ्या कडेला आले. हात आत दबला. सवयच ती! मग थबकले, कोणी पाहतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि बखर उचलून बाजूला घेतला.

“राह्य बापा,” माझ्या अंगावर थोपटून ते म्हणाले, “राह्य जाग्यावर.”

राहतो की! मला कुठे जायचंय?